पत्रातली एक ओळ

चाकणहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. वय ३४, सांगलीच्या कॉलेजातून मेकॅनिकलची बी.ई., दहा वर्षांपासून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात, पगार वर्षाला नऊ लाख. पत्नी पिंपरीच्या एका खासगी रुग्णालयात आठ वर्षांपासून स्टाफ नर्स आहेत. मुलगी चार वर्षांची. आई-वडील तासगावजवळ गावी असतात. पत्र लिहिणाऱ्याला जर्मनीत जायचं आहे. एक कन्सल्टन्सी 'ऑपॉर्च्युनिटी कार्ड' काढून देणार आहे. फी साडेचार लाख, निम्मी आता आणि निम्मी व्हिसा आल्यावर. 'तिथं पोचल्यावर तीन महिन्यांत नोकरीची हमी' असं माहितीपत्रकात छापलंय. जर्मन भाषा 'तिकडे गेल्यावर जमेल', इंग्रजीवर काम भागतं म्हणे. पैशांसाठी वडील पाऊण एकर द्राक्षबाग विकायला तयार आहेत. पत्नी नोकरी सोडून वर्षभर मुलीला घेऊन गावी राहतील. ३५ पूर्ण झाल्यावर संधी जाईल अशी भीती आहे. ते विचारतात, "येत्या सोमवारी सही करायची आहे. करू का?"

नमस्कार,

सोमवारी सही करू नका. पत्र इथंच थांबवलं तरी चालेल, पण तुम्ही चार पानं लिहिलीत, तर मलाही थोडं लांबण लावू द्या.

आधी ते कार्ड काय आहे ते पाहू. माहितीपत्रकात ते जेवढं दिसतं त्यापेक्षा बरंच साधं आहे. जर्मनीनं १ जून २०२४ पासून 'शान्सनकार्टं' सुरू केलं, तेच हे ऑपॉर्च्युनिटी कार्ड. नोकरी हातात नसतानाही एक वर्ष तिथं राहून ती शोधायची परवानगी एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं आणि एखाद्या कंपनीत दोन आठवडे चाचणी म्हणून राबता येतं. वर्षभरात योग्य नोकरी मिळाली तर व्हिसाचा प्रकार बदलतो, नाही मिळाली तर परत यायचं. म्हणजे हा नोकरी शोधण्याचा व्हिसा आहे. तो देणारं जर्मन सरकारसुद्धा नोकरीची हमी देत नाही, मग पिंपरी-चिंचवडमधलं ऑफिस कशाच्या जोरावर देतं, हे त्यांना जरूर विचारा.

या कार्डासाठी अर्जदाराला गुण देतात, आणि तुम्ही त्या गुणांची मोठी काळजी केली आहे. ती मिटवून टाकू. तुमची पदवी जर्मन पदवीशी समकक्ष मानली गेली तर गुण मोजायची वेळच येत नाही. 'आनाबिन' नावाची जर्मन सरकारी वेबसाइट आहे, फुकट. तिथं तुमचं विद्यापीठ शोधा. त्यापुढे 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा असेल आणि तुमच्या पदवीची नोंद जुळत असेल तर ते पान छापून ठेवा. पदवीची नोंदच नसेल तर बॉन इथल्या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या 'झेडएबी' कार्यालयाकडून तुलनापत्र मागवता येतं, त्याची फी २०८ युरो. आणि समजा गुणांवर जावं लागलंच, तरी सहा गुण लागतात. मागच्या सात वर्षांत पाच वर्षांचा त्याच क्षेत्रातला अनुभव म्हणजे तीन, वय पस्तिशीच्या आत म्हणून दोन, आणि जर्मनची ए२ परीक्षा पास झालात तर एक (भाषेच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात). झाले सहा. पस्तीस उलटल्यावर वयाचे दोनाचा एक गुण होतो आणि चाळीसपर्यंत तो राहतो. ए२ ऐवजी बी१ केलंत की गेलेला एक परत येतो. तेव्हा 'वय निघून चाललंय' हे जे तुम्ही तीनदा लिहिलंय, ते कन्सल्टन्सीच्या खुर्चीवरून आलेलं वाक्य आहे. तुमच्या डोक्यातून ते काढून टाका.

आता पैशांचं. राष्ट्रीय, म्हणजे लांबच्या मुक्कामाच्या, व्हिसाची फी ७५ युरो आहे. झेडएबीचे २०८ धरले तरी दोन्ही मिळून तीस हजार रुपयांच्या आसपास बसतं. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर स्वतः भरता येतो. खर्चिक भाग आहे तो ब्लॉक्ड अकाउंटचा. २०२५ च्या आकड्यानुसार महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो, साधारण सव्वातेरा लाख रुपये आधी भरून ठेवायचे. हे पैसे तुमचेच राहतात आणि दर महिन्याला हप्त्यानं तुम्हाला मिळतात, पण नोकरी लागेपर्यंत ते खाऊनच जगायचं असल्यानं वर्षाअखेरीस शिल्लक उरेल असं समजू नका. साडेचार लाख हे यावरचे. त्या साडेचार लाखांत तुमच्यासाठी नेमकं काय विकत घेतलं जातंय, याचं उत्तर मला पत्रात सापडलं नाही.

कन्सल्टन्सीला दोन साधे प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा. पहिला, तुमचा रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी क्रमांक काय? १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. 'ई-मायग्रेट' पोर्टलवर एजंटचं नाव टाकून दोन मिनिटांत बघता येतं. "आम्ही रिक्रूटर नाही, फक्त कागदपत्रांची सेवा देतो" असं म्हणाले, तर मग माहितीपत्रकातली नोकरीची हमी कोण देतंय? दुसरा प्रश्न, व्हिसा नाकारला गेला तर काय? तुम्ही लिहिता, ते म्हणाले "फेरविचाराचा अर्ज करून आणून देऊ". ही जुनी सोय होती. जर्मनीनं ती १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली. आता नकार आला तर नव्यानं अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. ज्यांना आपल्या धंद्यातला हा बदल ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून सांगितला नाही, त्यांच्या हातात मी माझ्या पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा देणार नाही.

एका वाचकानं मागे विचारलं होतं, तेही इथंच सांगून टाकते: टुरिस्ट व्हिसावर जाऊन "बघू, जमलं तर तिथूनच बदलून घेऊ" हा मार्ग भारतीय पासपोर्टवर चालत नाही. मुलाखत देऊन येता येईल, पण कामाच्या व्हिसासाठी मुंबईचाच रस्ता धरावा लागतो.

आता तुमच्या क्षेत्राबद्दल थोडं कटू बोलते. जर्मनीत माणसांची टंचाई आहे हे खरं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या सरकारनं भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक फ्लेक्सवर तो ९०,००० चा आकडा झळकतो. पण टंचाई सगळीकडे सारखी नाही. गाड्यांचा उद्योग तिथं सध्या अडचणीत आहे. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत जर्मनीतली ३५ हजारांहून अधिक पदं कमी करण्याचं कामगार संघटनेशी ठरवलं. सुटे भाग बनवणाऱ्यांकडे त्याची झळ लगेच पोचते, हे चाकणमध्ये बसून तुम्हाला मी सांगायला नको. आणि 'इंग्रजीवर भागतं' हे बर्लिनच्या सॉफ्टवेअर कंपन्यांबाबत बऱ्याच अंशी खरं असलं, तरी क्वालिटीच्या माणसाला शॉपफ्लोअरवर ऑपरेटरशी बोलावं लागतं. तो ऑपरेटर नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबियन बोलीत बोलतो. मी श्टुटगार्टच्या बाजूला नऊ वर्षं राहिले. सुरुवातीचे सहा महिने बेकरीतल्या बाई काय म्हणतात ते मला कळत नव्हतं, आणि मी वर्ग करून गेले होते.

याचा अर्थ तुमचं काही होणार नाही असं मुळीच नाही. तुमच्याकडे एक गोष्ट आहे, जी तुम्ही पत्राच्या तिसऱ्या पानावर तक्रारीच्या सुरात लिहिली आहे: वर्षातून दोनदा जर्मन ग्राहक ऑडिटला येतात आणि तुमचे रविवार जातात. अहो, ती माणसं तुम्हाला ओळखतात! तुमचं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही व्हीडीए ६.३ चं प्रशिक्षण घेतलंय, तो जर्मन वाहन उद्योगाचाच मापदंड आहे. त्याचं ऑडिटरचं प्रमाणपत्र नसेल तर ते करून घ्या, कन्सल्टन्सीच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्तात होईल. मग यंत्रनिर्मिती, रेल्वे, वैद्यकीय उपकरणं अशा शेजारच्या क्षेत्रांतल्या कंपन्यांत इथूनच अर्ज टाका. मुलाखती ऑनलाइन होतात. जर्मन रोजगार संस्थेच्या संकेतस्थळावर आणि 'मेक इट इन जर्मनी'वर जागा असतात. अर्ज करताना आपला चार पानी बायोडेटा दोन पानांवर आणा आणि प्रत्येक नोकरीचा महिना-वर्ष लिहा, त्यांना मधल्या रिकाम्या जागा खटकतात.

इथूनच ऑफर मिळाली तर थेट ब्लू कार्ड, म्हणजे नोकरी हातात असलेल्या पदवीधरांचा परवाना. इंजिनिअर टंचाईच्या यादीत असल्यानं २०२५ मध्ये वर्षाला ४३,७५९.८० युरो पगार पुरत होता, एरवीची अट ४८,३०० ची होती. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, अर्जाच्या वेळी पुन्हा बघा. आणि ४३ हजारांना लगेच शंभरानं गुणू नका. महिन्याला साधारण ३,६५० होतात, कर आणि विमे जाऊन एकट्या माणसाच्या हातात २,४०० च्या आसपास येतात, आणि त्यातून घरभाडं. ब्लू कार्डवर बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, ए१ वर २७ महिन्यांत. ब्लॉक्ड अकाउंटचा प्रश्नही या मार्गात उरत नाही. उशीर लागेल, नकार येतील. पण ते नकार तुम्हाला चाकणमध्ये, चालू पगारात मिळतील. ऑपॉर्च्युनिटी कार्डावर तेच नकार डिसेंबरात दुपारी चार वाजता अंधार पडलेल्या खोलीत, खात्यातले आकडे उतरत असताना मिळतात. दोन्हींत फार फरक असतो.

इथवर मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आता तुम्ही न विचारलेल्याचं.

चार पानांच्या पत्रात तुमच्या पत्नीवर दीड ओळ आहे. "मिसेस पिंपरीला स्टाफ नर्स आहे, आठ वर्षं आयसीयूला, ती राजीनामा देऊन गावी राहील." मी ती ओळ वाचून पत्र खाली ठेवलं आणि चहा करायला गेले. तुमच्या घरात जर्मनीला आज सगळ्यात जास्त हवं असलेलं माणूस त्या आहेत, आणि तुमच्या योजनेत नोकरी सोडणारं माणूसही त्याच आहेत.

नर्सचा मार्ग वेगळा आहे आणि सोपा नाही. तिथं नर्सिंग हा परवान्याचा व्यवसाय आहे. ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याच्या कार्यालयाकडे पदवी, विषयवार तास, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि अनुभवाचे दाखले पाठवावे लागतात. बहुतेकदा उत्तर येतं की अमुक विषयांत कमी पडतंय. मग एकतर ज्ञानपरीक्षा द्यायची किंवा काही महिने तिथल्या रुग्णालयात पूरक प्रशिक्षण घ्यायचं. तोवर मदतनीसाच्या हुद्द्यावर आणि पगारावर काम करायचं, परवान्यासाठी सहसा बी२ जर्मन लागतं. आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या बाईच्या हे मनाला लागू शकतं. आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: तिथं पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे मावशी किंवा नातेवाईक करत नाहीत, नर्सच करते. काहींना ते आवडतं, काही दोन महिन्यांत रडकुंडीला येतात. तुमच्या पत्नीला कसं वाटेल ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नसणार, कारण तुम्ही विचारलेलं दिसत नाही.

पण दुसरी बाजू ऐका. या मार्गात खर्च सहसा नोकरी देणारं रुग्णालय उचलतं. जर्मनीत परदेशी परिचारिकांच्या भरतीसाठी एक सरकारी गुणचिन्ह आहे, 'फेअर रिक्रूटमेंट हेल्थकेअर जर्मनी' नावाचं. ते ज्या संस्थांकडे आहे त्यांना नर्सकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत, आणि त्यांची यादी उघड आहे. महाराष्ट्र सरकारनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात आरोग्यसेवा आहे. त्यावर विसंबून बसू नका, पण चौकशी करून ठेवा. पत्नीचा परवाना झाला की कुटुंबाला बोलावणं सरळ होतं, आणि जोडीदाराला तिथं कुठलीही नोकरी करायची मोकळीक असते. म्हणजे तुम्ही ज्या कार्डासाठी बाग विकताय त्याची तुम्हाला गरजच उरणार नाही. तेव्हा नोकरी तुम्ही निवांत, हक्कानं, तिथल्या पत्त्यावरून शोधाल. आणि गंमत बघा, ऑपॉर्च्युनिटी कार्डाच्या गुणांमध्येही पात्र जोडीदार सोबत अर्ज करत असेल तर एक गुण मिळतो. जर्मन सरकारनं त्यांना एक गुण दिलाय, तुम्ही शून्य दिलाय.

रागावू नका. मी हे ज्या खुर्चीवरून लिहितेय ती मला चांगली माहिती आहे. मी नवऱ्याच्या नोकरीमागून जर्मनीला 'सोबत गेलेली' होते. एम.कॉम. होते, पुण्यात बँकेत होते. मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही सगळ्या भेटायचो आणि दर वर्षी एकमेकींना तोच प्रश्न विचारायचो, "मग तू इथं काय करतेस?" त्यातल्या ज्या दोघी नर्स होत्या, त्यांना कुणी हा प्रश्न विचारत नसे. त्या रात्रपाळी करून थेट आरतीला यायच्या आणि कोपऱ्यात खुर्चीत झोपायच्या. त्यांचा मला तेव्हा हेवा वाटायचा.

म्हणून एक सावधगिरी. आता लगेच घरी जाऊन "अगं, जर्मनीला तूच चल पुढं" असं म्हणू नका. काल गावी राहायचं ठरलेल्या बाईला आज अख्ख्या घराचं तिकीट करणं हाही अन्यायच. मुलगी चार वर्षांची आहे. कोण आधी जाणार, कोण तिच्यापाशी राहणार, वर्षभर बापानं एकट्यानं मुलीची वेणी घालून तिला शाळेत पोचवायची तयारी आहे का, हे आधी तुम्ही स्वतःला विचारा. तुम्ही त्यांच्याकडून जे गृहीत धरलं होतं तेच हे आहे, फक्त माणूस बदललंय. त्यांचं उत्तर 'नको' असू शकतं. तेही पूर्ण उत्तर आहे. मग वर लिहिलेला तुमचा ब्लू कार्डाचा रस्ता तुमच्याकडे आहेच.

कुठलाही रस्ता धरलात तरी पहिलं पाऊल एकच, भाषा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा एखाद्या चांगल्या खासगी वर्गात, शनिवार-रविवारी, दोघांनी मिळून नाव घाला. नोकरी सांभाळून बी१ पर्यंत जायला सव्वा वर्ष धरा. दोघांपैकी कुणाला जमतंय, कुणाला आवडतंय, हे तीन महिन्यांत कळेल आणि अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्यातच येतील. नोकरी दोघांनीही सोडायची नाही. जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं, रिलिव्हिंग लेटरं, मार्कलिस्टा आत्तापासून गोळा करा. दहा वर्षांपूर्वीची कंपनी बंद पडलेली असते आणि एचआरचा माणूस बंगळुरात असतो.

आई-वडिलांबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. १ मार्च २०२४ नंतर कुशल कामगाराचा परवाना मिळालेल्यांना आई-वडिलांना, आणि जोडीदार तिथं असेल तर सासू-सासऱ्यांनाही बोलावता येतं. कागदावर. वयस्कर माणसांचा आरोग्यविमा आपण भरायचा असतो आणि तिथंच बहुतेकांचं गाडं अडतं. त्यामुळे ते गावीच राहतील असं धरून हिशेब करा, आणि त्या हिशेबात बाग असू द्या. तिच्यावर त्यांचं घर चालतं.

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. आज रात्री वडिलांना फोन करा आणि सांगा, गिऱ्हाईकाला नाही म्हणा, छाटणीची माणसं नेहमीसारखी ठरवून टाका.